वी घेणारे गेम घेत नाहीत म्हणे!

कृष्णाकाठ (सांगली)
काल साताऱ्याच्या 'एक्सबॉक्सवाला' यांनी लिहिलं: "निन्टेंडोचं वी, टीव्हीला जोडायचं ते गेमचं यंत्र, म्हणजे पाहुणे आले की दाखवायचं खेळणं. दोन दिवस टेनिस, मग कपाटावर. खरा गेमर एक्सबॉक्स नाहीतर प्लेस्टेशन घेतो, कारण तो गेम विकत घेतो. अ‍ॅटॅच रेट बघा." खाली सतरा जणांचे अंगठे. म्हणून हा प्रपंच.

साहेब, बघा म्हणालात म्हणून बघितला, म्हणजे एका यंत्रामागं सरासरी किती गेम खपले ते. वी खपले १०.१६ कोटी, त्यावरचे गेम ९२.१८ कोटी. भागाकार येतो का? यंत्रामागं नऊ. ज्याच्या नावानं तुम्ही उदबत्ती लावता त्या पीएस टूचे (प्लेस्टेशन टू) साडेपंधरा कोटींवर दीडशे कोटींच्या आसपास, म्हणजे दहाच्या आतबाहेर. एका गेमच्या फरकावर 'खरा गेमर' आणि 'खेळणं'?

आणखी गंमत सांगतो. निन्टेंडोच्याच, वीच्या आधीच्या गेमक्यूबला सगळे फ्लॉप म्हणतात. खपले २.१७ कोटी, गेम २०.८६ कोटी. साडेनऊच्या वर! वीच्या पाव हिस्साही न खपलेल्या डब्याचा रेट वीपेक्षा चांगला. कारण उघड आहे, तो फक्त वेड्यांनीच घेतला. वी सगळ्यांनी घेतलं. आमच्या आत्याच्या मुलानं २००९ ला अमेरिकेहून आणलं तेव्हा आमची आजी शहात्तर वर्षांची होती. पदर खोचून, रिमोटची दोरी मनगटात दोनदा गुंडाळून बोलिंग खेळायची. चेंडू सोडताना रिमोट सुटेल म्हणून डावा हात उजव्या मनगटावर घट्ट. स्ट्राइक पडला की आधी देव्हाऱ्याकडं बघायची. तीन वर्षं खेळली. तिला गेमर म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं?

एक्सबॉक्सवाला (सातारा)
आजींना नमस्कार. पण त्या तीन वर्षांत घरात गेम किती घेतले, ते सोयीस्कर विसरलात.

कृष्णाकाठ (सांगली)
दोन.

एक्सबॉक्सवाला (सातारा)
झालं की मग! कोर्ट उठलं.

आता तुमच्या नवाचं बघू. त्यात वी स्पोर्ट्स या टेनिस-बोलिंगच्या गेमच्या ८.२९ कोटी प्रती आहेत, ज्या डब्यातच येत होत्या. फुकट आलेल्या गेमला 'विकत घेतला' म्हणायचं असेल तर कंदी पेढ्याच्या बॉक्सवरची दोरीही खरेदीत धरा. ते वजा करा, सव्वाआठ. वी प्ले हा दुसरा गेम रिमोटच्या सोबतीनं खपला, २.८ कोटी. तोही काढा. ७.९८. आठाच्या खाली! आणि पीएस फोर? जानेवारी २०२० ला सोनीनं स्वतः सांगितलं, १०.६ कोटी यंत्रं, ११५ कोटी गेम. पावणेअकराच्या वर. आता बोला.

हिशेबनीस (कराड)
दोघंही चुकताय. जपानात वी स्पोर्ट्स डब्यात नव्हता, लोकांनी पैसे मोजून घेतला. म्हणजे ८.२९ च्या ८.२९ वजा करता येत नाहीत. ०.०२ साठी आठाच्या खाली आणलंत ते परत वर गेलं.

दुसरं म्हणजे वय. आज जो कन्सोल घेतो त्याच्याकडं आज एकच गेम असतो, पण भागाकारात तो जुन्या मुरलेल्याइतकाच मोजला जातो. विक्री जोरात चालू असताना रेट पडलेला दिसतो, विक्री थंडावली की आपोआप चढतो. निन्टेंडोच्या नंतरच्या स्विचचे मार्च २०२५ ला १५.२ कोटींवर १३९ कोटी, म्हणजे नऊ आणि थोडं. त्यात मारिओ कार्ट ८ डिलक्स या एकट्या गेमचे पावणेसात कोटींच्या वर. सरासरी आहे ही, कुणाच्या घरातलं कपाट नव्हे.

गणपती पेठ
मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. पण धंदा होलसेलचा म्हणून एक विचारतो. हे कोटी-कोटी म्हणताय ते गिऱ्हाइकानं घेतलेले की कंपनीनं दुकानदाराकडं पाठवलेले?

हिशेबनीस (कराड)
निन्टेंडोचे सगळे पाठवलेले. पीएस टूचेही. पीएस फोरचे तेवढे जानेवारीचे आकडे गिऱ्हाइकाच्या हातात गेलेले.

गणपती पेठ
मग बसा! आमच्या खतांच्या धंद्यात मार्चएंडला हेच चालतं. पाऊस जूनमध्ये, माल मार्चमध्ये गोदामात ढकलतात. कंपनीच्या कागदावर विक्री, आमच्या गोदामात उंदीर. वर स्कीम अशी की युरिया पाहिजे तर सोबत दोन डबे टॉनिक घ्याच. ते टॉनिक आजही माळ्यावर आहे. त्याचाही अ‍ॅटॅच रेट फर्स्ट क्लास आहे, सांगून ठेवतो.

एक्सबॉक्सवाला (सातारा)
काका, विषय काय, तुम्ही कुठं.

गणपती पेठ
विषय तोच आहे. वी प्ले म्हणजे तुमचं टॉनिक.

चिपवाला_पोवईनाका
कुठले कोटी घेऊन बसलाय राव. २००६-०७ ला साताऱ्यात आमच्या गल्लीत पाच पीएस टू होते, पाचही चिप मारलेले, म्हणजे नकली सीडी चालणारे. प्रत्येकाकडं चाळीस-पन्नास सीडी, पन्नास रुपयाला एक. सोनीच्या वहीत आमचा रेट शून्य. भोपळा! आणि आमच्याइतकं कोण खेळलं हो?

एक्सबॉक्सवाला (सातारा)
चोरी केली आणि वर अभिमान.

चिपवाला_पोवईनाका
तोंड सांभाळून. तुझ्या बापानं घेऊन दिला असंल ओरिजनल. माझे वडील एसटीत होते. अडीच हजाराचा गेम म्हंजी घरचा महिन्याचा किराणा होता तेव्हा.

विश्रामबाग_बॉईज
चोरी न करताही रेट पडतो. आमची गेमची भिशी होती. २०१० ला सहा जण, सहा पीएस थ्री, महिन्याला पाचशे. तीन हजारात एक नवा गेम, ज्याची पाळी त्याच्याकडं सीडीची मालकी, बाकीच्यांनी आठ-आठ दिवस खेळायचं. दहा महिने चालली. सहा यंत्रं, दहा गेम, रेट दोनही नाही. पण प्रत्येक जण दहाच्या दहा खेळला. गॉड ऑफ वॉर थ्रीवर भिशी फुटली. एकानं पाळी नसताना सीडी परस्पर दुकानात विकली.

मिरजकर_६०
परस्पर नाही. विचारून विकली.

विश्रामबाग_बॉईज
अरे!! तू इथं आहेस?

मिरजकर_६०
इथंच असतो, वाचतो फक्त. आणि विषय निघालाच आहे तर पूर्ण सांग. सीडीवर ओरखडा कुणी पाडला? तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडं आली तेव्हा अर्ध्यात अडकत होती. तुला फोन केला, तू म्हणालास "बघ काय येतंय". आले नऊशे.

विश्रामबाग_बॉईज
"बघ काय येतंय" म्हणजे दुरुस्त होतंय का बघ! आणि नऊशे सहा जणांत वाटायचे होते. दीडशे रुपये कुणाला मिळाले ते विचार.

मिरजकर_६०
ओरखडा कुणाचा ते आधी बोल.

हिशेबनीस (कराड)
विकलेली सीडी ज्यानं दुकानातून घेतली त्याचाही गेम कंपनीच्या वहीत नाही, हे या निमित्तानं नोंदवतो.

मिरजकर_६०
तुम्ही मधे पडू नका.

कृष्णाकाठ (सांगली)
भिशी बाजूला ठेवा जरा. एक्सबॉक्सवाले, तुम्हाला शेवटचं विचारतो. तुमच्या एक्सबॉक्सच्या कंपनीनं, मायक्रोसॉफ्टनं, २०१५ पासून यंत्रं किती खपली हे सांगणंच बंद केलंय. खालचा आकडाच नाही तर तुमचा अ‍ॅटॅच रेट काढता कशावरून?

एक्सबॉक्सवाला (सातारा)
एक्सबॉक्स थ्री-सिक्स्टीच्या काळचा. तेव्हा अमेरिकेत तोच पुढं होता.

हिशेबनीस (कराड)
अमेरिकेत. विक्री मोजणाऱ्या एनपीडी कंपनीचे आकडे तिथले, जगाचे नव्हेत. आणि त्याच थ्री-सिक्स्टीवर बिघाडाचे लाल दिवे लागायला लागले म्हणून २००७ ला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली, शंभर कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. ज्यांनी वैतागून पदरचे पैसे घालून दुसरा घेतला, ते दोनदा मोजले गेले.

एक्सबॉक्सवाला (सातारा)
बरं. खरं सांगू का? मी गेम पास, म्हणजे वर्गणी भरून गेम खेळायची स्कीम, घेतल्यापासून गेल्या वर्षी तीसेक गेम खेळलो. विकत घेतला एक. कालची पोस्ट लिहिताना हे डोक्यात आलं नव्हतं.

कृष्णाकाठ (सांगली)
एक! आमच्या आजीचा दोन होता.

एक्सबॉक्सवाला (सातारा)
हरलो बाबा. आजी खऱ्या गेमर, मी खेळणं. खूश? वी तरीही कपाटावरच आहे ना तुमचं?

कृष्णाकाठ (सांगली)
नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तळमजल्यावर होतं. चिखल काढताना रिमोट सापडला, दोरीसकट. तो ठेवलाय.

विश्रामबाग_बॉईज
मिरजकर, उत्तर दे. दीडशे गुणिले पाच, साडेसातशे.

मिरजकर_६०
रविवारी ये. पण येताना ती सीडी पहिल्यांदा कुणाच्या घरी होती, ते आठवून ये.