मदत हवी आहे: दिव्यांगांसोबत काम करायचं, कोर्स कुठला?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, विडी घरकुलात राहतो. धाकटी बहीण बारावी झालीय आणि शेजारच्या सेरेब्रल पाल्सीच्या पोराला रोज व्यायाम, खाणंपिणं सगळं तीच बघते, लई जीव आहे तिचा त्याच्यावर, आता म्हणते हेच काम करणार. आरसीआयचा (दिव्यांगांसोबत काम करायच्या कोर्सना मान्यता देणारी सरकारी संस्था) सीबीआयडी (कम्युनिटी बेस्ड इन्क्लुसिव्ह डेव्हलपमेंट) नावाचा ६ महिन्यांचा कोर्स २०२१ मध्ये सुरू झालाय, वस्तीत घरोघरी जाऊन काम करायचं त्यात शिकवतात. दुसरा पर्याय २ वर्षांचं स्पेशल डीएड (दिव्यांग मुलांच्या शिक्षकाचा कोर्स), पण त्यात शाळेतच अडकणार ना? घरचे म्हणतात नर्सिंग कर, पगार तरी मिळेल 🙏 सीबीआयडी केलेलं कोणी आहे का इथं? सोलापुरात नाहीतर पुण्यात कुठं होतो, आणि नंतर काम खरंच मिळतं का?