व्हीएस कोडमधून थेट निओविमवर?
वर एकाने विचारलंय की व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा कोड लिहायचा एडिटर) जड वाटतोय, डायरेक्ट निओविमवर (टर्मिनलमध्ये मुख्यतः कीबोर्डवर चालणाऱ्या विम एडिटरचा नवा अवतार) जाऊ का. माझं मत, एकदम उडी नको. आधी व्हीएस कोडमध्येच विमच्या कीज देणारं एक्स्टेंशन टाका न् थोडे दिवस त्यातच रोजचं काम करा, कारण नव्या कीज शिकताना खरा त्रास होतो तो बोटांना, आणि डेडलाईन डोक्यावर असताना तो अजिबात सहन होत नाही. एकदा का सी, आय आणि डबल कोट दाबून कोट्समधला मजकूर उडवायची अन् पुढच्या ओळीवर नुसत्या डॉटने तेच परत करायची सवय लागली की माऊस आपोआप सुटतो.

एलएसपीची (एडिटरने भाषेची माहिती देणाऱ्या सर्व्हरशी बोलायचा प्रोटोकॉल) काळजी नको, मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये तो प्रोटोकॉल खुला केला आणि २०२१ च्या ०.५ पासून निओविममध्ये क्लायंट आतच आहे, म्हणजे कम्प्लीशन, डेफिनिशनवर जाणं सगळं मिळतं. फक्त कुणाची रेडीमेड अगडबंब कॉन्फिग (सेटिंग्जच्या फाईल्स) उचलू नका, काही बिघडलं की कुठे बघायचं तेच कळत नाही. किकस्टार्ट (निओविमची सुरुवातीपुरती छोटी कॉन्फिग) घ्या, एकच फाईल आहे, कॉमेंट्ससकट, वाचत वाचत बदला.

हेलिक्स (टर्मिनलमधलाच दुसरा एडिटर) कुणीतरी सुचवलाय, चांगलाय, पण त्यात आधी सिलेक्शन मग क्रिया, म्हणजे शब्द उडवायला विममध्ये डी डब्ल्यू तर तिथे डब्ल्यू डी. सर्व्हरवर गेलात की बहुतेकदा व्हीआयच (विमचा जुना पूर्वज, कीज त्याच) भेटणार, तेव्हा दोन्ही सवयी भांडतात.

आणि हो, कोडमध्ये मराठी स्ट्रिंग्ज असतील तर बऱ्याच टर्मिनल्समध्ये जोडाक्षरांची पार वाट लागते, त्या फाईल्सपुरता व्हीएस कोड ठेवाच.