मुसांडाची फांदी बुडाकडून काळी का पडते
मुसांडा या शोभेच्या झुडपाच्या फांद्या मुळं फुटण्याची पावडर लावून मातीत खोचल्या, तरी पंधरा दिवसांत बुडाशी काळ्या का पडतात, असं एकानं विचारलंय. दोष पावडरीचा नाही, मातीचा आहे. कोल्हापूरच्या जुलैतल्या पावसात काळी माती पाणी धरून बसते, हवा खेळत नाही, मग बुरशीच. मातीऐवजी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मा भाताचा जळका तूस घ्या. फांदी पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट जून (कोवळीही नाही, पूर्ण कडकही नाही), १२-१५ सेंमी लांब. खालचा काप पेराच्या (पान फुटतं त्या जागेच्या) लगेच खाली. गुलाबी 'पाकळ्या' (खरं तर संदलं, म्हणजे फुलाच्या बाहेरची दलं) खुडा, वरची दोन पानं निम्मी कापून ठेवा. पावडर आयबीएची (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक), ३००० पीपीएमची; बुडाला लावून जादा झटकून टाका. वरून प्लास्टिकची पिशवी, जागा सावलीची. सहा आठवडे फांदी उपटून बघू नका. नवं पान आलं म्हणजे मूळ फुटलंच असं नाही.