मदत हवी आहे: लिनक्सवर डायल-अप जोडलं जातं, पण एकही साइट उघडत नाही

नमस्कार मंडळी,

जुन्या मशीनवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय, फोनलाइनवरून नेट जोडायचंय आणि चार रात्री मोडेमशी झटतोय. आतलं पीसीआय कार्ड विनमोडेम निघालं, म्हणजे अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकललेलं. एलएसपीसीआयला (कार्डांची यादी देणारी कमांड) ते दिसतं, डब्ल्यूव्हीडायलकॉन्फला (मोडेम शोधणारी कमांड) दिसत नाही. त्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलशी जुळवत बसण्यापेक्षा अडगळीतला बाहेरचा सिरियल मोडेम काढला. तो टीटीवायएस-० पोर्टवर (विंडोजवाल्यांचं कॉम-१) पहिल्या फटक्यात सापडला.

आधी 'नो डायलटोन' यायचं. इनिट स्ट्रिंगमध्ये (मोडेमला सुरुवातीला जाणाऱ्या आज्ञेत) एक्स३ घातलं, तसा टोनची वाट न बघता नंबर फिरवायला लागला. आता किर्र-खर्र होतं, 'कनेक्ट ४५३३३' येतं, पासवर्ड चालतो, लोकल (माझा) आणि रिमोट (पलीकडच्या टोकाचा) दोन्ही आयपी पत्ते छापून येतात. आणि मग शुकशुकाट.

रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये डीएनएसचे (साइटच्या नावावरून आयपी शोधणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते आलेत. फायरवॉल बंद करून पाहिली. रिमोट आयपीला पिंग (पोचतंय का बघायची हाक) जातो, त्यापलीकडच्या कुठल्याच आयपीला जात नाही. एक गंमत म्हणजे रिमोटला पिंग मारला की मोडेमवरचा एसडी (डेटा पाठवल्याचा) दिवा लुकलुकतो, बाहेरच्या पत्त्याला मारला तर ढिम्म. तीनदा रीबूटही केलं (हो, जुनी सवय).

प्रतिसाद १:
डायलआउट ग्रुपमध्ये (मोडेमचं पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांत) आहात का? नसाल तर पोर्ट उघडणार नाही.

धागाकर्ता:
आहे हो. नंबर फिरतोय म्हणजे पोर्ट उघडतंय.

प्रतिसाद २:
परवानगीचं सोडा, तो दिवाच चुगली करतोय. डेटाची पाकिटं मोडेमपर्यंत पोचतच नाहीयेत, दुसरीकडे कुठेतरी चाललीत. जोडलेलं असतानाच 'राऊट -एन' (पाकिटांच्या मार्गांचं टेबल) चालवा आणि ०.०.०.० ची, म्हणजे डिफॉल्ट मार्गाची ओळ इथे द्या. शेवटच्या रकान्यात पीपीपी-० (डायल-अपची जोडणी) हवं.

धागाकर्ता:
तिथे ईटीएच-० (केबलचं नेटवर्क कार्ड) आहे! मागे दुसऱ्या मशीनवरून फाइली आणायला केबल लावली होती, तेव्हा हाताने गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) भरला होता. पण केबल कधीच काढली.

प्रतिसाद २:
केबल काढली म्हणून तो मार्ग जात नाही, कार्ड अप (चालू) असेपर्यंत टेबलात बसून राहतो. पीपीपीडीला (डायल-अपची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) आधीचा डिफॉल्ट मार्ग दिसला की तो स्वतःचा घालत नाही. रूट (मुख्य अधिकारी युजर) होऊन 'राऊट डेल डिफॉल्ट' द्या, मग डायल करा. चाललं तर नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमधली गेटवेची ओळ कायमची उडवा, नाहीतर पुढच्या बूटला परत हेच.

धागाकर्ता:
एसडी लागला, आरडीही (डेटा आल्याचा दिवा) लागला! साइट उघडली, हळूहळू का होईना. सिसलॉग (सिस्टिमची नोंदवही) आत्ता नीट वाचला. 'नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट राऊट' (आधीचा डिफॉल्ट मार्ग बदलत नाही), चारही रात्री ओळ तिथेच होती. आता अपडेट लावून झोपतो, मधेच फोन उचलून कुणी लाइन तोडली नाही म्हणजे मिळवलं.