पुण्यात स्टँड-अप सुरू करताना काय काय झालं? अनुभव लिहा

मंडळी, हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं की ओपन माईकला (कोणीही नाव देऊन स्टेजवर जोक करून बघतो तो कार्यक्रम) स्पॉट, म्हणजे बोलायची पाळी, कशी मिळते, मराठीत चालतं का, पैसे लागतात का. भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनल २०१६ ला सुरू झालं, नंतर मराठी स्टँड-अप यूट्यूबवर दिसायला लागलं आणि तेव्हापासून प्रत्येक ग्रुपात एक 'अरे तू कर ना' असतोच. ज्यांनी खरंच माईक धरलाय त्यांनी लिहा. सल्ले कमी, घडलेलं जास्त.

~~~

मी हिंजवडीत आयटीत. स्पॉट मिळणं अवघड नाहीये, इन्स्टावर ओपन माईकवाले स्टोरी टाकतात, नाव-नंबर द्यायचा, चार-पाच मिनिटं मिळतात. काही ठिकाणी कॉफी घ्यावी लागते, काही ठिकाणी सांगतात दोन मित्र आणा मग स्पॉट. मित्र पहिल्यांदा येतात, दुसऱ्यांदा सगळ्यांच्याच घरी पाहुणे असतात. समोर बसलेल्यांत निम्मे आपल्यासारखेच, आपापला नंबर यायची वाट बघत मोबाईलमध्ये स्वतःचा सेट, म्हणजे लिहून आणलेले जोक, वाचणारे, ते हसत नाहीत, फार तर मान हलवतात आणि ती पण दाद समजायची. शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाईलचा टॉर्च दाखवतात, त्याला लाईट म्हणतात. एका नवीन मुलाला हे माहीतच नव्हतं, त्याने टॉर्चकडे बघून हात जोडले आणि 'थँक्यू सर' म्हणाला, त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तोच होता.

~~~

स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका, कितीही लाज वाटली तरी. माझा एक जोक होता, आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, 'लिफ्ट बंद पडल्यास सेक्रेटरींना फोन करावा, वेळ सकाळी दहा ते बारा'. घरी सगळे हसायचे, स्टेजवर मात्र फुस्स. रेकॉर्डिंगमध्ये कळलं की 'दहा ते बारा'ला लोक हसायला सुरुवात करतायत आणि मी लगेच 'म्हणजे बघा ना, माणूस आत अडकलाय आणि...' करून समजावून सांगतोय, हसू तिथेच मरतंय. आता 'बारा' म्हणतो आणि गप्प उभा राहतो. ते गप्प उभं राहणं जोक लिहिण्यापेक्षा अवघड आहे, एक सेकंद पण तासाएवढा वाटतो. 'सकाळी' पण काढून टाकलं, कारण नसताना मध्ये येत होतं.

~~~

बाणेरला माईक संपतो साडेदहाला आणि मला जायचंय सिंहगड रोडला, रिक्षावाले दादा 'तिकडे नाही' म्हणून निघून जातात, तर मुलींनी आधी परतीचं बघा मग पंचलाईनचं. लाईनअपमध्ये बऱ्याचदा मी एकटीच असते, आधीचे सगळे बायको आणि गर्लफ्रेंडवर बोलून गेलेले. एका होस्टने मला बोलावताना 'आता एक मुलगी येतेय, जरा सांभाळून घ्या' म्हटलं. मी माईक घेतला आणि म्हणाले, 'सांभाळून घ्यायची सवय आम्हाला असते, आत्ता सहा जणांना घेतलंच की.' लिहून आणलेल्या सेटमधलं त्या दिवशी काहीच एवढं चाललं नाही, याचा थोडा राग पण आला.

~~~

मी रिटायर्ड, बँकेतला. गणेशोत्सवात, ज्येष्ठ नागरिक संघात एकपात्री करत आलोय, त्यामुळे वाटलं होतं की हे आपल्याला जमणारच. एकपात्रीत पात्रं असतात, आवाज बदलायचे, गोष्ट रंगवत न्यायची, दहा मिनिटं नुसती पेरणी केली तरी प्रेक्षक धीर धरतो. इथे अर्ध्या मिनिटात हसू आलं नाही तर पोरं चुळबुळ करतात. दोन-तीन आवाज काढून झाल्यावर एक मुलगा प्रेमाने म्हणाला, काका, ही सगळी माणसं भारी आहेत पण तुमचं स्वतःचं म्हणणं काय? तेव्हापासून पेन्शन, गुडघे आणि सुनेने इन्स्टॉल करून दिलेली ॲप्स यावर माझ्याच आवाजात बोलतो. आणि माईकचा स्टँड बाजूला ठेवायचा हे त्याच पोरांनी शिकवलं, मधे राहिला की माणूस त्याच्यामागे लपतो.

~~~

लातूरचा आहे, शिकायला पुण्यात. विमाननगर साईडला हिंदीच चालतं तर मी पण हिंदीत लिहायचो, पण आईचं बोलणं हिंदीत गेलं की तिची धारच जाते राव. कोथरूडकडे मराठी माईक असतात तिथे गेलो, आमच्या बोलीत बोललो, तर पहिले दोन मिनिटं लोक बोलीलाच हसत होते. ते हसू फुकटचं आहे, ते घेऊन घरी नाही जायचं. अजून एक, पाट्या, मस्तानी आणि दुपारी एक ते चार हे तीन विषय आता कृपया बंद करा, लिफ्टवाल्या दादांना माफ.

~~~

पैशाचं कोणी लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नाहीये. ओपन माईकला मिळत नाहीत, उलट पेट्रोल आणि कॉफी खिशातून. तिकीट लावलेल्या शोमध्ये कोणी पाच-दहा मिनिटं दिली तर कधीतरी थोडे मिळतात, तेही विचारायला लाजू नका. बरं, रविवारी कोणी येतंय का? माझा स्पॉट लागलाय, वारज्यावरून निघतोय, डबलसीट चालेल, फक्त मागे बसून जोक ऐकवायचे नाहीत.