इलेक्टर निवडायची पद्धत ऐन निवडणुकीत बदलावी का?

ओमाहाकर
अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट मतदार नव्हे, राज्याराज्यांतून निवडलेले 538 प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, ठरवतात; जिंकायला 270 लागतात. 2024 च्या सप्टेंबरात, मतदान दीड महिन्यावर आलेलं असताना, आमच्या नेब्रास्का राज्यातली सगळी पाच इलेक्टर-मतं राज्यभर जिंकणाऱ्यालाच द्यायचा घाट घातला गेला. 1992 पासून इथे दोन इलेक्टर राज्याच्या निकालावर आणि तीन मतदारसंघवार ठरतात. आमच्या गल्लीत अंगणाअंगणात पांढऱ्या पाट्या होत्या, मधोमध नुसता निळा ठिपका, अक्षर एकही नाही. तो ठिपका म्हणजे रिपब्लिकन राज्यातला आमचा ओमाहा शहराचा, डेमोक्रॅट्सकडे झुकणारा मतदारसंघ; निळा हा त्यांचा रंग. बदलासाठी राज्याच्या विधिमंडळात 33 मतं हवी होती; त्याच वर्षी रिपब्लिकन झालेले माइक मॅकडॉनल यांनी नकार दिला म्हणून बेत फसला. नियम बदलायचा तर पुढच्या निवडणुकीपासून बदला!

कलम_दोन
दादा, घटनेत अशी अट कुठे आहे? इलेक्टर कसे नेमायचे ते राज्याचं विधिमंडळ ठरवेल, एवढंच लिहिलंय. 1891 मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅट्सनी मतदारसंघवार वाटणी आणली, ती आपल्या फायद्यासाठीच. 1892 च्या ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्लॅकर’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. 1800 मध्ये व्हर्जिनियानेही राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जेफरसन यांच्या सोयीने नियम फिरवला होता. 48 राज्यं एकगठ्ठा मतं देत असताना नेब्रास्कानेच आपली ताकद का वाटून टाकायची?

ओमाहाकर
मिशिगनचा कायदा मतदानाच्या वर्षभर आधी झाला होता. इथे दीड महिना! विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि ओमाहा धरून डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांचे बरोबर 270 होत होते. ओमाहा काढलं की 269-269, आणि मग निर्णय अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात, तोही राज्याला एक मत या हिशोबाने. प्रचार या नियमावर उभा राहिल्यावर तो काढून घेणं ही मतदाराची फसवणूक आहे.

कलम_दोन
2022 च्या केंद्रीय कायद्यानेही मतदानाच्या दिवसाआधी केलेला राज्याचा कायदा चालतो. तुम्हाला मुदत हवी असेल तर ती कायद्यात घालून घ्या, कोर्टाकडून मागू नका.

पारसिपनीची_मावशी
तुम्ही दोघं राज्याच्या चौकटीतच अडकलात. आमचं न्यू जर्सी 2008 पासून राज्यांच्या करारात आहे: देशभर ज्याला जास्त मतं, त्यालाच आमचे इलेक्टर. 2024 मध्ये मेन आल्यावर करारातल्या राज्यांच्या इलेक्टरांची बेरीज 209 झाली, 270 झाल्यावर करार लागू होईल.

कलम_दोन
मावशी, राज्यांनी आपसात करार करायला अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची, संमती लागते, हे घटनेच्या कलम 1 मध्येच आहे. आणि न्यू जर्सीने ज्याला नाकारलं त्यालाच तुमचे 14 इलेक्टर गेले तर चालेल?

पारसिपनीची_मावशी
चालेल. प्रत्येक करार त्या कलमात येत नाही, केंद्राच्या सत्तेला धक्का लावणारेच येतात, असं सुप्रीम कोर्टाने 1893 मध्येच सांगितलंय. आमच्या राज्याचा निकाल ठरल्यासारखाच असतो, म्हणून आज माझं मत मागायला इथे कुणी फिरकत नाही.