प्रतिसाद: काळ्या वाळवंटातील वस्ती

जॉर्डनच्या ईशान्येकडील काळ्या बेसॉल्ट खडकाच्या वाळवंटात माणूस केवळ वाटसरू म्हणून येत राहिला, हे मत मला पटत नाही. तिथल्याच शुबैका या उत्खननस्थळी बेसॉल्टच्या दगडांनी रचलेल्या चुलीत, रानगहू आणि पाणवनस्पतीचे कंद दळून केलेल्या भाकरीचे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्याही फार आधीचे, करपलेले तुकडे सापडले आहेत. पुढे इ.स.पू. चौथ्या सहस्रकात जावा (इंडोनेशियातले नव्हे) या तटबंदीच्या गावाने हिवाळी पावसाचे पाणी बांध घालून तलावांत साठवले. इतका खटाटोप वाटसरू करत नाही. सफाईतिक या प्राचीन उत्तर अरबी लिपीतील हजारो कोरीव लेखांत तर मेंढपाळांनी आपली वंशावळ, गुरांची चराई आणि पावसाची प्रतीक्षा नोंदवून ठेवली आहे.